थोरलीच्या जिवावरची सहल

सहा-सात मुलांच्या आईबापांना उसंत मिळायची का, असं विचारलं की बहुतेक जण 'कसली उसंत!' म्हणून मोकळे होतात. ते पुरतं खरं नाही. स्वातंत्र्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं नजरेखालून घातली तर दिसतं, की ही माणसंही घराबाहेर पडत होती. नाटकाला जात, देवाला जात, महिना महिना गावी राहत. फक्त बाहेर पडायला काहीतरी कारण लागे आणि मागे घर सांभाळायला कुणीतरी लागे. कारणं काळाप्रमाणे बदलत गेली. घर सांभाळणारं माणूस मात्र बहुतेक घरांत एकच होतं, ते म्हणजे थोरली मुलगी.

मी हे सगळं गिरगावातल्या चाळीवरून सांगते आहे. दोन खोल्या, आम्ही सात भावंडं, आईअण्णा, आजी आणि शिकायला म्हणून गावाहून आलेला एखादा चुलतभाऊ. आमच्या मजल्यावर यात कुणाला काही विशेष वाटत नसे. १९५० च्या सुमारास देशात बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. १९७१ मध्येही हा आकडा पाचाच्या वर होता. आणि र. धों. कर्वे जिथे गणित शिकवत ते विल्सन कॉलेज आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजची नोकरी गमावली आणि १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. आमच्या चाळीत त्यांचं नाव दबक्या आवाजात घेतलं जाई, आणि बायकांना त्यातलं काहीच कळू दिलं जात नसे.

दिवस सुरू व्हायचा तो नळावर. पाणी पहाटे यायचं आणि उजाडेपर्यंत जायचं. तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या भरायच्या, मग संडासाची रांग, मग बंबाच्या पाण्याने एकामागून एक आंघोळी. आई स्टोपुढे बसली की पोळ्यांची चवड उतरेपर्यंत उठायची नाही. रेशनचे गहू, घासलेटचा डबा, दुधाच्या केंद्रावरच्या बाटल्या ही कामं वयाप्रमाणे वाटलेली असत. दिवाळीला एकाच ताग्यातून मुलींचे फ्रॉक आणि मुलांचे सदरे निघत, त्यामुळे आम्ही रस्त्याने चाललो की बँडपथक निघाल्यासारखं दिसे. पुस्तकं वरच्याकडून खालच्याकडे येत. रात्री अंथरुणं पडली की पाय ठेवायला जागा नसे आणि मोठी मुलं गॅलरीत निजत. नवराबायकोला चार शब्द एकमेकांशी बोलायचे तर घरात तशी जागाच नव्हती. आईअण्णा कधीमधी जेवणं झाल्यावर 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून चौपाटीपर्यंत जात. आजी त्यावर काही बोलत नसे, पण ते परत येईपर्यंत जागी असे.

तेवढा वेळ घर आमच्या थोरल्या ताईच्या हवाली असे. दहा वर्षांची असल्यापासून तिच्या कडेवर कुणी ना कुणी होतंच. आमच्या वेण्या, पाढे, पडसं-खोकला, आजीचा काढा हे सगळं ती बघे. मॅट्रिकला ती एक वर्ष उशिरा बसली, कारण ज्या वर्षी बसायची त्याच वर्षी आईचं सातवं बाळंतपण आलं. त्यावर चर्चा झाल्याचं कुणालाच आठवत नाही. चाळीतल्या बहुतेक घरांत असंच असे, आणि थोरला मुलगा असेल तर तो सुटे.

आईच्या पिढीच्या बाईला हक्काची रजा अशी एकच होती, ती बाळंतपणाची. पहिली दोन-तीन माहेरी झाली, तेव्हा सव्वा महिना तिला आयतं ताट मिळालं. पुढची मुंबईतच झाली. माहेरी आई थकली होती आणि इकडे शाळेत जाणारी पोरं होती. म्हणजे मुलं वाढत गेली तशी ही रजाही कमी कमी होत गेली. बाकी हळदीकुंकू, मंगळागौर, कीर्तन, नात्यातली लग्नं. लग्नाला जायचं तेही चार दिवस आधी, लाडू वळायला. पुरुषांचं त्या मानाने बरं होतं. अण्णा केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. कचेरीतली मंडळी मिळून साहित्य संघात नाटकाला जात. आईला नाटक दिसायचं ते गणेशोत्सवात, तेही मांडीवर झोपलेल्या पोरासकट.

मे महिन्यात मात्र सगळी चाळ हलायची. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तोवर कोकणात जायचा आमचा रस्ता भाऊच्या धक्क्यावरून, बोटीने. नंतरही कितीतरी वर्षं आम्ही बोटीनेच जात होतो, कारण घाटात उलट्या करणारी पोरं बोटीत निदान कठड्याशी धरता येत. सामान म्हणजे वळकट्या, ट्रंका, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. बारा वर्षं ओलांडलेल्याला पूर्ण तिकीट पडायचं, म्हणून आमची वयं प्रवासात कमी होत. माझ्या मधल्या भावाला मिसरूड फुटेपर्यंत अण्णा अकरा वर्षांचाच म्हणून सांगत होते.

याला आम्ही सुट्टी म्हणायचो. मुलांची सुट्टी ती होतीच. आई मात्र दोन खोल्यांतल्या चुलीवरून वीस माणसांच्या चुलीवर जाई. आंब्याची साठं, फणसपोळी, आमसुलं, पापड, कुरडया. पावसाळ्याच्या आत सगळं वाळून डब्यात जायला हवं. तिथे तिला जावा होत्या, नणंदा होत्या, दुपारच्या गप्पा होत्या आणि विहीर दारात होती, एवढाच काय तो विसावा. अण्णा आठ दिवस राहून मुंबईला परतत. खरी चैन मे महिन्यात चाळीत उरलेल्या पुरुषांची असे: खानावळीचं जेवण, रात्री उशिरापर्यंत पत्ते, आणि विचारणारं कुणी नाही.

दोघांनीच मिळून कुठे जायचं म्हटलं तर डॉक्टरची चिठ्ठी लागे, असं म्हटलं तरी चालेल. आईला एकदा दीर्घ खोकला लागला आणि डॉक्टरांनी हवापालट सुचवला. एरवी 'पोरं टाकून फिरायला गेली' म्हणणाऱ्या आजीने स्वतः सामान बांधून दिलं. जागा ठरली माथेरान. नेरळहून १९०७ पासून चालणारी छोटी गाडी, वर मोटारी नाहीत, आणि दिवाळी-मे सोडून गेलं तर खोली परवडणारी. बरोबर स्टो, तांदूळ, मेतकूट आणि सर्वांत धाकटा भाऊ. त्या आठवड्यात ताईने पाच भावंडं आणि आजी सांभाळली. परत आल्यावर आईचा खोकला गेला की नाही हे कुणी विचारलं नाही. ती पॉइंटांची नावं मात्र पुढे म्हातारपणीही क्रमाने सांगायची.

१९७२ चा दुष्काळ आणि महागाई आली तेव्हा आईला बाहेर पडायला वेगळंच कारण मिळालं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात महिलांची संयुक्त समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आमच्या चाळीतूनही बायका गेल्या. रॉकेल, तेल, साखर हे त्यांचे रोजचे प्रश्न होते, राग खरा होता. पण नवरा, देव किंवा लग्न यांपैकी काहीही बरोबर नसताना घोळक्याने शहरातून चालत जाण्याचा अनुभव त्यांतल्या कित्येकींना पहिल्यांदाच मिळाला असणार. आई घोषणा देऊन बसलेल्या आवाजाने घरी आली तेव्हा कुकर लावून झाला होता. तो ताईने लावला होता. तोवर ती नोकरीला लागली होती, आणि कचेरीतून येऊन तिने तो लावला होता.

त्याच सुमारास भिंतींवर लाल त्रिकोण दिसू लागला होता. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ चा, पण आमच्या घरात त्याचा परिणाम दिसला तो पुढच्या पिढीत. सात जणांपैकी कुणालाही दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत. सरकारनेही आपला हिशेब बदलला. केंद्र सरकारी नोकरांना १९५६ पासून रजेतल्या प्रवासाची सवलत होती आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अवलंबून असलेली सगळी मुलं त्यात बसत. अण्णांना ती आयुष्यभर गावी जाण्यासाठीच उपयोगी पडली. दूरवर कुठे जायचं तर राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार? निवृत्तीच्या आधी ते आई आणि धाकट्या दोघांना घेऊन काशीला जाऊन आले, तेवढंच. ताई आजीजवळ थांबली. पुढे नियम बदलला आणि २० ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाला ही सवलत राहिली नाही. त्याच वर्षीच्या १ मेला कोकण रेल्वे देशाला अर्पण झाली. गावी जाणं सोपं झालं तेव्हा बरोबर न्यायला मुलंच कमी होती.

ऐंशीच्या दशकापासून मराठी घरांत नुसतं 'फिरायला' जाण्यात लाज वाटेनाशी झाली. १९८४ साली सुरू झालेल्या 'केसरी'सारख्या कंपन्यांनी सहलीतच वरणभात आणि मराठी बोलणारा माणूस दिला, त्यामुळे आयुष्यभर पंगती वाढलेल्या बायका पहिल्यांदा आयत्या पंगतीत बसल्या. पैसे मुलांनी भरले होते. अशा एका सहलीला आई केरळला गेली, अण्णा गेल्यानंतर. दोघांनी मिळून बघायचं बरंच राहून गेलं होतं.

आज महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १.७ आहेत, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब पाहणी सांगते. माझ्या भाचीला एक मुलगी. भाचीकडे पैसे आहेत, गाडी आहे, शनिवार-रविवार आहे. कर्जत-अलिबागला जाऊन येणं तिला कठीण नाही. पण नवराबायको दोघांनीच जायचं म्हटलं तर पोरीला ठेवायचं कुणाकडे, इथे गाडी अडते. पाळणाघर रात्रीचं ठेवून घेत नाही, आजी-आजोबा स्वतःच सहलीला गेलेले. मग तिघं मिळून जातात आणि पोरीच्या झोपेप्रमाणे सगळी सहल आखतात. 'तुमच्या वेळी बरं होतं, घरात माणसं होती', असं ती मला म्हणते.

घरात माणसं होती हे खरं. पण आजी खाटेवर होती, अण्णा कचेरीत होते, मोठा भाऊ मैदानावर होता. आईअण्णांच्या वाट्याला जी थोडी उसंत आली तिची किंमत ताईने भरली, मॅट्रिकच्या एका वर्षापासून काशीपर्यंत. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, त्यात ती आता बसते आणि मैत्रिणींबरोबर मनसोक्त हिंडते. जुन्या भरल्या घरांच्या आठवणी निघाल्या की आम्ही धाकटी भावंडं हळवी होतो, ती होत नाही. आमची आठवण खेळाची आहे, तिची कामाची. मोठ्या कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्याने आधी त्या घरातल्या थोरलीला विचारावं. तिने मान डोलावली तर खुशाल गावेत.