सहा कोटी वर्षांची वाट

दिवाळीची अमावास्या म्हणजे आकाश पाहणाऱ्यांची पर्वणी, असे मी नेहमी म्हणतो. चंद्राचा अडसर नसतो आणि पावसाने धुतलेले आकाश स्वच्छ असते. मात्र शहराच्या दिव्यांपासून दूर जायला हवे. मध्यरात्र उलटली की दक्षिणेला अश्मंत नावाचा मंद तारकासमूह वर येतो. पाश्चात्त्यांनी त्याला ‘फोर्नॅक्स’, म्हणजे भट्टी, असे नाव दिले आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच विशेष दिसत नाही. पण चांगली दुर्बीण लावली तर धुक्यासारखा एक पुसट ठिपका सापडतो.

१८२६ साली ऑस्ट्रेलियातील पॅरामाटा येथून जेम्स डनलॉप यांनी तो प्रथम टिपला. आज त्याला ‘एनजीसी १३६५’ म्हणतात. हा ठिपका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेच्या जवळजवळ दुप्पट रुंद! तिच्या मधोमध ताऱ्यांचा सरळ दांडा असून त्याच्या दोन्ही टोकांपासून एकेक बाहू वळत बाहेर जातो. या दांड्यामुळे वायू आणि धूळ केंद्राकडे ओढली जाते. तिथे नवे तारे जन्मतात आणि काही वायू केंद्रातल्या कृष्णविवराच्या मुखी पडतो. आपल्या आकाशगंगेलाही असाच दांडा आहे. पण घरात बसून घराचा दर्शनी भाग कसा दिसणार? तो अशा शेजारणीकडे पाहूनच ताडावा लागतो.

ही शेजारीण किती दूर? मला खरे कौतुक वाटते ते या उत्तराचे. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट नावाच्या बाई तासाला तीस सेंट मजुरीवर फोटोच्या काचांवरील तारे तपाशीत. काही ताऱ्यांचे तेज ठराविक काळाने कमीजास्त होते. हा काळ जितका मोठा, तितके ताऱ्याचे मूळ तेज अधिक, हे त्यांनी १९१२ साली दाखवून दिले. मूळ तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. लेव्हिटबाई १९२१ मध्ये वारल्या. पुढे १९९० साली अंतराळात गेलेल्या हबल दुर्बिणीने या दीर्घिकेत असे पन्नासएक तारे हुडकले आणि बाईंच्याच नियमाने अंतर निघाले – सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षे!

म्हणजे आज पोचणारा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थिजून गेला होता आणि माणसाचा मात्र पत्ताही नव्हता.

यंदा फटाके उडवून मुले जागीच राहिली, तर त्यांना दक्षिणेकडे तोंड करून उभे करा. डोळ्यांना काही दिसणार नाही. तरी तिथे काय आहे आणि ते किती दूर आहे, हे एका बाईच्या चिकाटीमुळे आपल्याला कळले, एवढे त्यांना अवश्य सांगा.