सांधा नवा, कळ जुनी

गुडघा बदलून घेतला की कळ थांबते, अशी आपल्या घरांतून आता दृढ समजूत झाली आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती खरीही ठरते. परंतु शस्त्रक्रिया यथासांग पार पडून, टाके सुकून, वर्ष उलटल्यावरही ज्यांची वेदना शमत नाही, अशांचे प्रमाण शंभरांत दहा ते वीस इतके आहे. ही गोष्ट रुग्णाला आधी स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितली जाते, असे आमच्या पाहण्यात आले.

बडोद्याच्या आमच्या मामी याच पंक्तीतल्या. चौदा महिने लोटले तरी जिना चढताना त्यांना कठडा सोडवेना. अशात कोणी तरी सांगितले, "तुम्हाला आतला धातू सोसत नसेल." मामींना ते तत्काळ पटले, कारण खोटे दागिने त्यांना पहिल्यापासून वर्ज्य. हौसेने घातलेल्या कुड्यांनी कान सुजत, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ उठे. सांधा काढून दुसरा बसवावा असे त्यांच्या मनाने घेतले, आणि तशी तयारी दाखविणारे एक शस्त्रवैद्यही भेटले.

शंका निराधार नव्हती. कृत्रिम गुडघ्याचा मांडीकडील भाग बहुधा कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा असतो आणि त्यात निकेलचा अल्प अंश असतो. खोट्या दागिन्यांनी कातडीला खाज सुटते ती बहुतेक वेळा या निकेलमुळेच. सांधा पक्का करण्यासाठी वापरतात त्या सिमेंटातील घटकांचेही वावडे असू शकते. (हे सिमेंट घरबांधणीचे नव्हे, मामींनी तसे विचारलेच होते.)

घोटाळा पुढेच आहे. पाठीवर निकेलची पट्टी चिकटवून ती दोन दिवसांनी काढतात व पुन्हा एक-दोन दिवसांनी ती जागा तपासतात. तेथे लाली उठली तर कातडीला निकेल सोसत नाही, एवढेच सिद्ध होते. अशी लाली उठणारी कितीतरी माणसे त्याच धातूच्या गुडघ्यावर सुखाने चालतात. म्हणून वावड्याचे निदान इतर सर्व कारणे बाजूला सारल्यावर, अगदी शेवटी करावयाचे असते. आधी जंतुसंसर्ग पाहावा लागतो, त्यासाठी रक्त व सांध्यात सुई घालून काढलेले पाणी तपासतात. मग सांधा सैल झाला काय, तिरका बसला काय, हे पाहतात.

२०१० साली जगभरातून परत मागविलेल्या खुब्याच्या सांध्यांची हकीकत याहून निराळी. तेथे धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण भोवतालच्या मांसात व रक्तात उतरत होते. दोष मुख्यतः झिजेचा होता. त्या बातम्यांची कात्रणे मामींच्या उशाशी होती, आणि त्यांनी झोप उडविली ती उगाच.

दुसऱ्या डॉक्टरांनी मामींना पाटावर नव्हे, टेबलावर उताणे निजवून पाय हळूच आतबाहेर फिरविला, आणि मामी कळवळल्या. झिजला होता तो खुबा! खुब्याची कळ मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवते, हे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. पाठीवरची पट्टी मात्र निकेलला लाल झाली होती. दोन्ही गोष्टी एकाच देहात खऱ्या होत्या, आणि त्यांचा परस्परांशी संबंध नव्हता.

ज्यांना वावडे आधीच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी टायटॅनियमचे किंवा झिर्कोनियमचे गुडघे मिळतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने किमती बांधल्या, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये व या प्रकारांची ७६,६०० रुपये, कर वेगळा, अशी ठरली. त्यांनी वेदना कमी राहते याचा पुरावा मात्र अद्याप पक्का नाही.

आता मामींच्या खुब्याची तारीख ठरते आहे. डॉक्टरांना दाखविण्यासाठी त्यांनी जुन्या कुड्या रुमालात बांधून पिशवीत ठेवल्या आहेत.