कॉलेजात खेळ कशाला?

कुंडलिका नदीच्या एका बाजूला जुना जालना. दुसऱ्या बाजूला नवीन जालना. जालन्याच्या कॉलेजांत आसपासच्या खेड्यांतली मुलं-मुली शिकायला येतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. मग कळतं, की पोरगं रोज संध्याकाळी मैदानावर असतं. बाप चिडतो. "तुला शिकायला पाठवलं, की खेळायला?"

बापाचा राग आम्हांला समजतो. पण आधी एक खरी गोष्ट ऐका.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर हे गाव आहे. तिथं १९२६ साली खाशाबा जाधव जन्मले. पुढं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. कॉलेजात कुस्तीच्या स्पर्धा होत्या. खाशाबांची चण लहान. म्हणून त्यांना आधी नकार मिळाला. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी घेऊन आले. मग आपल्याहून दांडग्या गड्यांना त्यांनी चीत केलं!

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाचा क्रीडामेळा. खाशाबा तांबड्या मातीत तयार झालेले. तिथं कुस्ती गादीवर, आणि नियमही निराळे. त्यांचा सहावा नंबर आला. पण ते हताश झाले नाहीत. कुठं कमी पडलो ते पाहिलं, आणि चार वर्षं मेहनत केली.

१९५२ साली फिनलंड देशात हेलसिंकीला जायचं ठरलं. पैसे कुठून आणायचे? गावानं वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडं शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं. त्या कमाईतून गुरुजींचं घर सोडवलं. शिष्य असावा तर असा!

महाराष्ट्राच्या खेळाडूला असं दुसरं पदक मिळालं ते २०२४ साली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ते नेमबाजीत मिळवलं. मध्ये ७२ वर्षं गेली.

म्हणजे पदक काही सगळ्यांना मिळत नाही. मग बाकीच्यांनी का खेळायचं?

खेळणाऱ्याला वेळेवर उठावं लागतं. व्यसनापासून दूर राहावं लागतं. कबड्डीच्या संघात सात गडी. त्यांत पाटलाचा मुलगा असतो, मजुराचाही असतो. तिथं जात विचारून चालत नाही. पकड सगळ्यांनी मिळूनच करावी लागते. पंचाचा निकाल मान्य करावा लागतो. हरलो तर समोरच्याशी हात मिळवावा लागतो. हे पुस्तकात वाचून अंगी येत नाही.

कॉलेजातल्या खेळाला पायऱ्या आहेत. आधी कॉलेजाचा संघ निवडतात. मग कॉलेजाकॉलेजांचे सामने होतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ तयार होतो. जालन्याची कॉलेजं मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ १९५८ साली सुरू झालं. आता त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. त्याचा संघ दुसऱ्या विद्यापीठांशी खेळतो. खेड्यातलं पोर असं पायरी पायरीनं वर जाऊ शकतं.

पण खेळापायी अभ्यास बुडवणं बरं नव्हे. सामन्यावर पैसे लावणं तर फारच वाईट. हरल्यावर मारामारी करणारा खेळाडूच नव्हे.

आणि मुलींचं काय? त्यांनाही मैदान हवं. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईचं बळ आपण रोज पाहतो. मग तिची लेक धावली, तर लाज कसली?

तेव्हा मंडळी, मैदानावरून पोर घरी आलं, की लगेच रागावू नका. आज काय शिकलास, काय शिकलीस, ते विचारा. अभ्यासाचं विचारा. खेळाचंही विचारा.