होकाराची चोरी



व्यापार म्हटला की चोराचे भय आलेच. आपल्या वाडवडिलांनी त्यावर उपाय योजले होते. जाड भिंतींची कोठी, लोखंडी तिजोरी, आणि तिची किल्ली धन्याच्या कनवटीला. ह्या साऱ्या व्यवस्थेमागे एकच गृहीत होते, ते असे की चोराला मालापर्यंत पोहोचावेच लागते. संगणकावर चालणाऱ्या आजच्या व्यवहारात हे गृहीत उरलेले नाही. ते कसे, हे पुण्यातील एका घटनेवरून चांगले ध्यानात येते.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झाली. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षांचा अनुभव पाठीशी असलेली ही संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी दुसरा शनिवार होता. बँकांना सुट्टी होती. त्या दिवशी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, आणि भारतातही सुमारे अडीच कोटी. पुढे सोमवारी, १३ तारखेस, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळविण्यात आले. एकूण रक्कम झाली ९४ कोटी ४२ लाख. बँकेची एकही तिजोरी फुटली नव्हती.

मग चोरी झाली कोठे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, ‘ह्या गृहस्थास पैसे द्यावेत काय?’ हा प्रश्न बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जातो. ती मूळ खातेवही पाहते आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर धाडते. चोरट्यांनी घातक सॉफ्टवेअर शिरवून ह्याच वाटेवर आपला तोतया बसविला. प्रश्न खातेवहीपर्यंत पोहोचण्याऐवजी तोतयाकडे वळू लागला, आणि तोतया प्रत्येकास ‘होय’ म्हणत राहिला. पैसा देणाऱ्या यंत्राने कसलाच नियम मोडला नाही. त्याने फक्त होकारावर विश्वास ठेवला. ह्या प्रकरणी २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

आता कोणी म्हणेल, ‘ही मोठ्या बँकेची गोष्ट झाली, वारासिवनीच्या दुकानदाराचा तिच्याशी काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो फार निकटचा आहे. येथील हातमागाच्या साड्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले. दूरचे ग्राहक मिळावेत, ही त्यामागील अपेक्षा. परंतु दूरच्या ग्राहकाशी व्यवहार म्हणजे न पाहिलेल्या माणसाच्या होकारावर चालणारा व्यवहार. समजा, सूत पुरविणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने निरोप येतो, ‘आमचे बँकखाते बदलले आहे, ह्यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी.’ बिल तेच, भाषा तीच, नाव तेच. फक्त खात्याचा क्रमांक निराळा. येथेही तिजोरी फुटत नाही. येथेही वाटेवर एक तोतया बसलेला असतो, आणि होकार मात्र आपलाच असतो. आता तर परिचिताचा आवाजही संगणकाकडून हुबेहूब वठविता येतो. तेव्हा ‘आवाज ओळखीचा होता’ हा पुरावा पुरेसा राहिला नाही.

ह्यावरून पहिला नियम निघतो तो असा, की पैशाचा कोणताही मोठा होकार एकाच वाटेने आलेल्या निरोपावर देऊ नये. खाते बदलल्याचा निरोप आला, तर त्या निरोपातील क्रमांकावर नव्हे, आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. ठराविक रकमेपुढील भरणा दोघांच्या संमतीवाचून होऊ नये, मग ते दोघे पितापुत्र का असेनात. ओटीपी कोणासही सांगू नये. लग्नपत्रिका किंवा वाहनाचा दंड म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके प्रकारची फाईल आली, तर ती उघडू नये. तीतून तोतया आपल्याच फोनमध्ये शिरतो.

दुसरा नियम सुट्टीचा. चोरट्यांनी दुसरा शनिवार साधला. म्हणून दिवसाच्या उलाढालीची मर्यादा बँकेकडून ठरवून घ्यावी, आणि दुकान बंद असतानाही बँकेचे संदेश पाहणारा कोणी एक नेमून द्यावा.

तिसरा नियम हिशेबाच्या प्रतीचा. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देशाच्या भरणाव्यवस्थेपासून तात्पुरते तोडण्यात आले, आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. असे सॉफ्टवेअर आपल्या नोंदींना कुलूप घालते व किल्लीची किंमत मागते. ज्याच्याकडे बिले, येणी आणि देणी ह्यांची अलीकडची प्रत वेगळ्या तबकडीवर, संगणकापासून सोडवून ठेवलेली असते, त्याला ती किंमत मोजण्याची पाळी सहसा येत नाही. दर आठवड्यास ही प्रत काढावी, आणि ती उघडते की नाही हेही अधूनमधून पाहावे.

इतकी दक्षता घेऊनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने सरकतो. तो वाटेत असेतोवरच गोठविता येतो. म्हणून त्याच क्षणी १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेसही कळवावे. हा क्रमांक दुकानातल्या फोनजवळच्या भिंतीवर आजच लिहून ठेवावा, म्हणजे घाबरलेल्या वेळी तो शोधावा लागणार नाही.