मुर्रीचा चिला आणि मेक्सिकोचा टाको

घराबाहेर खाणें म्हणजे पैसा घालवून प्रकृति बिघडविणें, अशी आपल्या वडील माणसांची समजूत होती; आणि ती सर्वस्वीं निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. प्रवासास निघतांना दशम्या आणि लोणच्याची फोड बरोबर बांधून घेणाऱ्या त्या पिढीला परक्या चुलीवरचें अन्न वर्ज्य होतें. त्यांत सोंवळ्याचा भाग होता, तसा शहाणपणाचाहि होता. आज बहुतेक घरांतून सोंवळें गेलें. शहाणपण मात्र त्याच्याबरोबरच गेलें कीं काय, अशी शंका येते. मुलें बाहेर खातात तीं दिव्यांचा लखलखाट आणि पदार्थाचें परदेशी नांव पाहून. तेव्हां बाहेर खावें कीं नाहीं हा प्रश्न आतां मागें पडला आहे. काय पाहून खावें, हा खरा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठीं वाचकांस आम्ही दोन ठिकाणीं नेणार आहोंत : एक मेक्सिको देशांत, आणि दुसरें आपल्याच गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीस.

मेक्सिकोंत मक्याच्या पातळ भाकरीला ‘तोर्तिया’ म्हणतात. ती तव्यावरून उतरतांच तिच्यांत कालवण घालावयाचें, वर चटणी सोडावयाची, दुमडावयाची आणि हातांत धरून खावयाची, कीं झाला ‘टाको’. जेथें हा पदार्थ मिळतो तें दुकान म्हणजे ‘ताकेरिया’. राजधानींत ‘एल् कालिफा दे लेओन’ या नांवाची अशी एक ताकेरिया १९६८ सालापासून चालत आली आहे. जागा म्हणाल तर आपल्या स्वयंपाकघराएवढीहि नाहीं. खावयाचें तें उभ्याउभ्यानेंच. पदार्थ अवघे चार, आणि ते सगळे मांसाचे. असें असूनहि २०२४ सालीं मिशलिन या फ्रेंच कंपनीच्या सुप्रसिद्ध मार्गदर्शिकेनें, जी पूर्वी उंची भोजनगृहांनाच मान देई, या दुकानाला आपली तारका बहाल केली. शाकाहारी वाचकांनीं मात्र निराश होऊं नये. त्या देशांत घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, भोपळ्याचीं फुलें, इतकेंच काय, काटे काढलेल्या निवडुंगाचीं पानेंसुद्धां टाकोंत घालतात.

पण टाकोची खरी थोरवी आंतल्या कालवणांत नसून बाहेरच्या भाकरींत आहे. आपल्याकडे मक्याचें पीठ ऊन पाण्यांत मळावें लागतें, नाहीं तर भाकरी थापतांना चिरते, हें गृहिणींना ठाऊक आहेच. मेक्सिकोंतील बायकांनीं यावर फार प्राचीन काळीं निराळा उपाय काढला. मक्याचे दाणे चुन्याच्या निवळींत शिजवावयाचे, रात्रभर तसेच मुरूं द्यावयाचे, सकाळीं चोळून धुवावयाचे व मग दगडी पाट्यावर वाटावयाचे. त्यांच्या त्या पाट्याला ‘मेताते’ म्हणतात. आपल्या पाट्यावरवंट्याचेंच तें भावंड. चुन्यानें दाण्याचें साल सुटतें, वाटलेला गोळा चिकट होतो, आणि भाकरी कागदासारखी पातळ होऊनहि दुमडतांना मोडत नाहीं. ‘निश्तमाल’ नांवाची ही क्रिया कोणा शास्त्रज्ञाची नव्हे. ती चुलीपाशीं जन्मली.

तिचें मोल जगाला कळलें तें मात्र भारी किंमत देऊन. अमेरिका खंडांतून युरोपांत मका नेणाऱ्यांनीं दाणे नेले, पण ते शिजविण्याची रीत नेली नाहीं. ती अडाणी बायकांची खटपट, असें त्यांना वाटलें असावें. परिणाम असा झाला कीं, ज्या गरिबांचें पोट केवळ मक्यावर होतें, त्यांच्यांत ‘पेलाग्रा’ नांवाचा रोग पसरला. कातडी खरखरीत होऊन सोलते, जुलाब लागतात आणि शेवटीं बुद्धि भ्रमिष्ट होते. १७३५ सालीं स्पेनमधील वैद्य कासाल याच्या हीं लक्षणें ध्यानांत आलीं. हा रोग सांसर्गिक नसून निकृष्ट आहारामुळें होतो, हें अमेरिकेंतील डॉक्टर गोल्डबर्गर यांनीं १९१५ च्या सुमारास दाखविलें. आणि १९३७ सालीं त्यावरील नायसीन हें जीवनसत्त्व हातीं आलें. मक्यांत तें असतें, परंतु बांधलेलें असतें. चुना तें मोकळें करतो. म्हणजे दोनशें वर्षें जें कोडें पंडितांना सुटलें नाहीं, त्याचें उत्तर मेक्सिकोंतील प्रत्येक म्हातारीच्या मडक्यांत रोज भिजत पडलें होतें!

आतां मुर्रीकडे वळूं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला. हा मुलूख तलावांचा आणि धानाचा. गोंदिया शहराची ख्याति भाताच्या गिरण्यांबद्दल. मध्य प्रदेश व छत्तीसगढ या दोहोंच्या सीमा येथें लागून असल्यानें बोलींत मराठी, हिंदी, पोवारी व छत्तीसगढी यांची सरमिसळ आहे, आणि तीच ताटांतहि उतरली आहे. मुर्रीस एका लहानशा टपरींत आम्ही जो चिला खाल्ला, तो या सरमिसळीचाच मासला म्हणावयास हरकत नाहीं. तांदळाचें पीठ, पाणी व मीठ. एवढ्यावर तव्यावर पसरलेलें पांढरेंशुभ्र जाळीदार धिरडें, आणि त्यासोबत टोमॅटो, हिरवी मिरची व लसूण यांची पाट्यावर वाटलेली चटणी. छत्तीसगढींत टोमॅटोला ‘पताल’ म्हणतात. बाकांवर चार माणसें बसलीं कीं जागा संपली. पण तव्यावरून पानांत येणाऱ्या त्या चिल्याची गोडी मोठ्या उपाहारगृहांत आम्हांस आढळली नाहीं.

नवल हें कीं, या चटणींतील टोमॅटो व मिरची या दोन्ही वस्तु मूळच्या मेक्सिकोकडच्या. ‘टोमॅटो’ हा शब्दच तेथील नाहुआत्ल भाषेंतून आलेला आहे. पोर्तुगीज व इतर दर्यावर्द्यांनीं हीं पिकें आपल्या किनाऱ्याला आणलीं, आणि आपल्या बायकांनीं त्यांना असें आपलेंसें केलें कीं मिरचीवांचून महाराष्ट्र कसा जेवत असेल याची आज कल्पनाहि करवत नाहीं. मेक्सिकोंतहि तव्याशेजारीं टोमॅटो-मिरचीची दगडावर वाटलेली चटणीच असते. धान्य निराळें, पण तवा, दगड आणि चटणी तींच.

धान्याची कथाहि अखेर एकाच वळणावर जाते. गिरणींत तांदूळ जितका घांसावा तितका तो शुभ्र होतो, व तितकाच निःसत्त्व होतो. जावा बेटांत डॉक्टर आइकमान यांनीं १८९० नंतर कोंबड्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, निव्वळ सडीक तांदळानें बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंड्यानें तो बरा होतो. या शोधाबद्दल १९२९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. आमच्या धानपट्ट्यांत तांदळाचे ‘अरवा’ व ‘उसना’ असे दोन भेद मानतात. उसना म्हणजे धान भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेला. वाफेनें सालाखालचें सत्त्व दाण्यांत मुरतें व कांडल्यावरहि बरेंचसें टिकतें. पण पांढरपेशा घरांत उसना तांदूळ मजुरांचा म्हणून नाक मुरडलें जातें! मक्याबाबत युरोपनें जी चूक केली, तिच्याच वाटेनें आपण चाललों आहोंत, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, लहान दुकानाची परीक्षा पाटी वाचून करूं नये. पदार्थ थोडे आहेत काय, तवा सतत तापलेला आहे काय, चटणी आजची आहे काय, पाणी व हात स्वच्छ आहेत काय, आणि करणाऱ्याला आपल्या धान्याचें नांव सांगतां येतें काय, हें पाहावें. या कसोटीला उतरेल त्या ठिकाणीं सारें कुटुंब न्यावें. विशेषेंकरून घरांतील सुनांना न्यावें. धिरडें हा तव्यावरून पानांत पडला तरच गोड लागणारा पदार्थ. दहा-बारा माणसांच्या घरांत सर्वांना गरम धिरडें मिळतें, पण जी तव्यापाशीं उभी असते तिला तें कधींच मिळत नाहीं. तिच्या वांट्याला शेवटचें, निवालेलें येतें. टपरीवर तिनें एकदां बसून खावें, आणि इतरांनीं तिच्याकडे पाहावें.

दुसरी गोष्ट घरांतच करण्याजोगी आहे. आजी पीठ किती वेळ भिजवते, कोणता तांदूळ कशासाठीं राखते, हें तिला आजच विचारून लिहून ठेवावें. मुलींनीं लिहावें तसें मुलांनींहि लिहावें. युनेस्कोनें २०१० सालीं मेक्सिकोच्या पारंपरिक पाकपद्धतीला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. असा मान मिळेपर्यंत वाट पाहण्याचें आपल्याला कारण नाहीं. दाणा बाजारांतून केव्हांहि विकत आणतां येतो. पण हातांतलें ज्ञान एकदां त्या हातांबरोबर गेलें, म्हणजे तें कोणत्याहि गिरणींतून परत मिळत नाहीं.