घर घेण्यापूर्वी गटार पाहावे

मुंबईच्या कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरी करणाऱ्या माणसाला ठाणे परवडत नाही आणि डोंबिवलीचे भावही चढलेले असतात. तेव्हा या दोहोंच्या मधले दिवा त्याला जवळचे वाटू लागते. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, घरातले दागिने आणि वीस वर्षांचे बँकेचे कर्ज असा सारा ऐवज पणाला लावून तो घर पाहावयास जातो. तेथे तो फरशी पाहतो, ओटा पाहतो, स्थानक किती मिनिटांवर आहे ते विचारतो. गटार मात्र तो पाहत नाही. पाहिलेच तर नाकाला रुमाल लावून ओलांडण्यापुरते.

वास्तविक घराच्या किमतीविषयी सर्वांत खरी साक्ष गटारच देते. भिंतीची ओल रंगाखाली झाकता येते; गटाराचा उतार रंगवता येत नाही. कायद्यानेही येथे ग्राहकावर काही भार टाकलेला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, आपल्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. परंतु खरेदीदाराला सामान्य दक्षतेने जो दोष दिसू शकला नसता, तेवढ्यापुरतेच. दारासमोर उघडे पडलेले तुंबलेले गटार दिसले नाही, ही तक्रार मग कोणापुढे करावयाची?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला; पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मालातील दोष विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. घरांचेही तसेच आहे. चैत्र-वैशाखात कोरडी राहणारी इमारत आणि आषाढात बुडणारी इमारत सारखीच दिसते व जवळपास सारख्याच भावाने विकली जाते. मग जोत्याच्या उंचीवर आणि गटारावर अधिक खर्च करणाऱ्या बिल्डराला त्या खर्चाचा मोबदला कोण देणार?

भरती आणि उतार

दिव्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण हा परिसर खाडीकाठचा आणि सखल आहे. गटाराचे पाणी नाल्यात आणि नाल्याचे खाडीत जावयाचे, हा साधा क्रम. परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीची पातळी चढली, की पाण्याला बाहेर पडावयास वाटच उरत नाही. खुद्द मुंबई शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटी असताना, वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा त्या हिशेबाचे काय झाले हे सर्वश्रुत आहे.

म्हणून घर पाहावयाचे ते पावसाळ्यात आणि शक्यतो भरतीच्या वेळी. गच्चीवर पाणी साचते का, पावसाळी पाइपांच्या सांध्यांवर शेवाळ धरले आहे का, ते पाइप गटारात सुटतात की जोत्याच्या पायाशी, हे पाहावे. चेंबरची झाकणे उघडवून घ्यावीत. पावसाचे पाणी आणि मैला एकाच नळात जात असेल, तर पहिल्या मुसळधार पावसात तो मैला तळमजल्याच्या मोरीतून वर येण्याचा धोका आहे. रस्ता जोत्याहून उंच झाला आहे का, हे तपासावे. गटाराच्या कडेने चालत जाऊन ते नाल्याला मिळते की मध्येच एखाद्या मोकळ्या जागेत संपते, हेही पाहावे. शेजारच्या किराणा दुकानात सर्वांत खालची फळी जमिनीपासून किती उंचावर आहे, तेवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ते नसेल, तर सांडपाण्याची जोडणी कोणी तपासली हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. पण रस्त्यावरचे गटार हे कोणा एका बिल्डरचे काम नव्हे. ते महानगरपालिकेचे कर्तव्य आहे. सुजाण ग्राहकाने वाईट जागा नाकारली, तरी त्याच्याहून कमी मिळकतीचा दुसरा कोणी ती घेतोच. स्वस्त घराची खरी किंमत तोच दर पावसाळ्यात हप्त्याहप्त्याने फेडत राहतो. तेव्हा गटार पाहणे हा सौदा करण्यापूर्वीचा शहाणपणा आहे. सौद्यानंतर शेजाऱ्यांसह ते दुरुस्त करून मागणे, हा नागरिकाचा हक्क आहे.