झाशीच्या उन्हात पॉलिमर क्ले

पॉलिमर क्लेवरची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिलेली आहेत. पहिली सूचना ठरलेली: तुकडा हातात धरून ऊब द्या, मग मळा. झाशीत मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा ऊब देण्याचा प्रश्नच येत नाही. क्ले पाकिटातून निघते तीच बोटांना चिकटत. सिपरी बाजारातल्या माझ्या मागच्या खोलीत कुणी हे काम शिकायला आलं, की मी आधी ऋतू विचारात घ्यायला सांगते, मग रंग.

हिला क्ले म्हणतात, पण मातीशी हिचा संबंध नाही. पीव्हीसीची बारीक पूड, तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य आणि रंग, एवढाच मसाला. ती हवेत वाळत नाही, भट्टीत उष्णतेनं पक्की होते. ‘शिल्पकार’ वेगळं. त्यातले दोन गोळे एकत्र मळले की ते आपोआप कडक होतं. दुकानात दोन्ही शेजारी असतात आणि नवी माणसं हमखास गोंधळतात.

उष्णतेनं पक्की होणारी वस्तू असल्यामुळे साठवण हा आमच्याकडे खरा कळीचा मुद्दा. खिडकीत, माळ्यावर किंवा उन्हातल्या गाडीत राहिलेलं पाकीट अर्धवट भाजल्यासारखं होतं. मळायला घेतलं की भुगा पडतो. म्हणून वर्षाचा माल मी थंडीतच मागवते. कुरिअरच्या गोदामात जूनमध्ये काय तापमान असेल, याचा विचारही नको. उघडलेली क्ले बटर पेपरात गुंडाळून घरातल्या सर्वांत गार कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवायची. डबा निवडताना त्याच्या तळाचा त्रिकोण बघा. आत 5 असेल तर चालेल. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, ते या तेलकट द्रव्यानं विरघळून क्लेला चिकटतं.

उन्हाळ्यात क्ले फारच लिबलिबीत झाली, तर दोन कोऱ्या कागदांमध्ये दाबून ठेवते. कागदावर तेलाचे डाग उमटतात आणि क्ले ताठ होते. रंगांच्या पट्ट्या जोडून नक्षीचा दांडा केला असेल, तर कापण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये. गार दांड्याची नक्षी पात्याखाली फिसकटत नाही. पातं धारदार आणि पातळ हवं, एवढा खर्च कराच. बाकी हत्यारांचं कौतुक मला कमीच आहे. पास्ता मशीन असेल तर छान. नसेल तर पत्त्यांचे दोन सारखे गठ्ठे दोन्ही बाजूंना ठेवून मधली क्ले काचेच्या सरळ ग्लासानं लाटा, जाडी एकसारखी येते. मात्र ज्या वस्तूला क्ले लागली, ती पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

थंडीत सगळं उलटं. जानेवारीत क्ले दगड होते आणि पुस्तकातली ऊब तेव्हा उपयोगी पडते. माझ्या कामाचा हंगामही तोच. झाशीतली मराठी घरं संक्रांत सोडत नाहीत, आणि हळदीकुंकवाला घालायला क्लेचे हलव्याचे दागिने मागतात. बोरनहाणाला मात्र मी देत नाही. बाळ ते तोंडात घालणार, तिथे साखरेचाच हलवा हवा. पांढऱ्या क्लेला धूळ, केस, लोकर सगळं आवडतं. स्वेटर घालून पांढरा मणी वळू नये. बाह्या वर सारून, हात ओल्या वाइपनं पुसून बसावं. पांढरं आधी करावं, लाल शेवटी. मणी भाजताना ताटलीत खायच्या सोड्याचा थर पसरून त्यावर ठेवायचे, म्हणजे खालून चपटे होत नाहीत.

सर्वांत जास्त काम बिघडतं ते भट्टीत. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर हे माझ्या मते पहिलं हत्यार. फिमो 110 अंशांवर अर्धा तास मागते; स्कल्पी 130 अंशांवर, दर 6 मिलिमीटर जाडीला 15 मिनिटं. पाकिटावरचं वाचा. लहान ओटीजीत कॉइल जवळ असते, म्हणून वस्तू फरशीच्या टाइलवर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइलचं छप्पर करायचं. कच्ची राहिली तर वाकवताच तुटते. नीट भाजलेली पातळ पट्टी लवते. जळली तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो, लगेच बंद करून खिडक्या उघडाव्यात. मायक्रोवेव्ह नकोच. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. पुन्हा पहिल्यापासून भाजा, दोनदा भाजल्यानं हिचं काही बिघडत नाही.

मोठी वस्तू भरीव करू नये. आत चुरगळलेल्या फॉइलचा गोळा ठेवला की क्ले वाचते आणि भाजणं सारखं होतं. भाद्रपदात विसर्जनाच्या मूर्तीला मात्र मी नाही म्हणते. 1842 साली गंगाधरराव आणि मणिकर्णिका यांचं लग्न ज्या गणेश मंदिरात लागलं, तिथला उत्सव आमच्या सगळ्यांचा, आणि क्लेचा गणपती करून द्या असा आग्रह होतोच. शोकेससाठी जरूर करते. विसर्जनाला शाडूचाच, कारण हे अखेर प्लास्टिक आहे, पाण्यात विरघळणार नाही.

बोटांचे ठसे भाजण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसता येतात. भाजल्यावर वॉटर पेपर, 400 पासून 1000 पर्यंत, पाण्यात भिजवूनच, म्हणजे पूड उडत नाही. मग जुन्या जीन्सच्या तुकड्यानं घासा. बऱ्याचदा तेवढी चमक पुरते. नेलपॉलिशचा हात देऊ नका, काही काळानं चिकट होतं. वार्निश लागलंच तर पाण्यात मिसळणारं. दागिने धुता येतात का, असं गिऱ्हाईक विचारतं. साबणाच्या पाण्यात खुशाल धुवा, नेलपॉलिश रिमूव्हर तेवढं लांब ठेवा.